घर बांधताना आर्किटेक्टशी बोलायचं कसं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरमालकांसाठी

दिवाळी झाली की आपल्या भागात पायाखोदाईचे मुहूर्त सुरू होतात. मृगाआधी स्लॅब पडला पाहिजे, म्हणून सगळ्यांचीच घाई असते. या घाईत पहिली काट बसते ती मालक आणि आर्किटेक्ट यांच्यातल्या बोलण्यावर. नकाशा एका बैठकीत उरकतो, पैशांचा विषय दोघंही टाळतात आणि बाकीचं ‘साईटवर बघून घेऊ’ म्हणून राहतं. मग एप्रिलच्या उन्हात बांधलेली भिंत फोडायची वेळ येते, गवंडी मालकाकडे बोट दाखवतो आणि मालक आर्किटेक्टकडे. मी याच भागात आर्किटेक्ट म्हणून काम करतो. साईटवर पेटलेले बहुतेक वाद मागे जाऊन पाहिले, तर एकाने सांगितलेलं दुसऱ्याने वेगळं धरलेलं असतं, एवढंच सापडतं. आयुष्याची पुंजी घालून माणूस एकदाच घर बांधतो, त्यात हे टळावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून काय, कधी आणि कसं बोलायचं ते क्रमाने सांगतो.

१. आधी घरातल्या घरात बोला

आर्किटेक्टकडे जाण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकदा बसा. आजीला जिना चढवतो का? मुलगा पुण्याला किंवा बेंगळूरला आहे, तो परत येणार आहे का? दोघं भाऊ एकत्र राहणार की वरचा मजला पुढेमागे वेगळा करायचा? ही उत्तरं अवघड असतात, पण ती नकाशाआधीच लागतात. वरचा मजला वेगळा होणार असेल तर जिना बाहेरून घ्यावा लागतो, आणि जिन्याची जागा बदलली की अख्खं घर बदलतं.

घरातली कामं लिहून काढा, खोल्या नंतर. येळ्ळूर, कडोलीकडे भाताची पोती कुठे रचायची हा खरा प्रश्न असतो. वडगाव, खासबागेत घरात माग असेल तर त्याचा आवाज, हादरा आणि वेगळं वीज कनेक्शन यांचा विचार पायापासून करावा लागतो. गणपतीत आरास कुठे मांडता, जेवायला किती पानं बसतात, दारात गाडी किती आणि ट्रॅक्टर आहे का, न्हाणीत पाणी तापवायला चूल हवी का, परड्यात गोठा राहणार का? ‘चार बेडरूम, एक हॉल’ एवढ्यावरून कुठलाही आर्किटेक्ट तुमचं घर काढू शकत नाही. तो कुणाचंही घर काढील.

वास्तुशास्त्र पाळायचं असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. नकाशा मंजुरीला गेल्यावर कुणी जाणकार आणून स्वयंपाकघर आग्नेयेला हवं म्हणणं म्हणजे सगळं काम पुन्हा पहिल्यापासून करणं.

आणि एक माणूस ठरवा. चर्चेत सगळे असू देत, पण आर्किटेक्टला अंतिम निरोप एकाच तोंडून जाऊ दे. वडील एक सांगतात, परगावचा मुलगा व्हिडिओ कॉलवर दुसरं, आणि भाचा इंजिनिअर असला तर तिसरं. ठरवलेला माणूस घरातली बाई असेल तर फारच चांगलं. स्वयंपाकघर आणि न्हाणीचं तिच्याशी न बोलता ठरलेलं क्वचितच टिकतं.

२. जागेबद्दल तुम्हाला माहीत आहे ते सगळं सांगा

आर्किटेक्ट जागा बघायला येतो तेव्हा ती कोरडी, साफ केलेली असते. त्या जागेने किती पावसाळे पाहिले ते तुम्हाला माहीत असतं. बुजवलेली विहीर होती का आणि नक्की कुठे, नाल्याचं पाणी कुठून वळतं, आषाढात कुठपर्यंत पाणी साचतं, शेजाऱ्याशी बांधावरून कुरबूर आहे का, कुणाची वहिवाट जागेतून जाते का, हे विचारायची वाट न पाहता सांगा. विहिरीची गोष्ट तर लपवूच नका. तिच्यावर कॉलम आला तर पुढचं सगळं धोक्यात येतं.

जिल्हा एक असला तरी जमीन एक नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे लाल माती, जांभा आणि आडवा झोडपणारा पाऊस. अथणी, रायबागच्या बाजूला काळी माती, जी पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. काळ्या जमिनीत पाया वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो आणि खर्च वाढतो. म्हणून अंदाजपत्रकाआधी एक खड्डा खोदून मातीचा थर पाहू या, असं आर्किटेक्ट म्हणाला तर त्याला नको म्हणू नका. तो म्हणाला नाही तर तुम्ही विचारा.

कागदांचं तसंच. शेतजमीन असेल तर उतारा आणि एनए (बिनशेती) आदेश, गावठाण किंवा ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदीचा) नमुना ९ आणि ११, शहरात सीटीएस (सिटी सर्व्हे) उतारा आणि खाते. जागा महानगरपालिकेत आहे, बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) लेआउटमध्ये आहे, पट्टण पंचायतीत आहे की ग्रामपंचायतीत, यावर परवानगी कुठून घ्यायची ते ठरतं. आताचे कागद कन्नडमध्ये असतात, तर १९५६ च्या आधीचे, म्हणजे हा भाग मुंबई राज्यात असतानाचे, आजोबांच्या पेटीतले कागद मराठीत, कधी मोडीतही सापडतात. दोन्ही आणा. चतुःसीमा जुन्या खतात एक आणि नव्या उताऱ्यात दुसरी असेल तर ते मोजणीआधी कळायला हवं. मोडी किंवा कन्नड वाचता येत नसेल तर वाचणारा माणूस सोबत घ्या. ‘कागद क्लिअर आहेत’ हे वाक्य मी पुरावा म्हणून धरत नाही आणि कुठल्याही आर्किटेक्टने धरू नये.

३. कुणाशी बोलताय ते पक्कं करा

आर्किटेक्ट्स ॲक्ट १९७२ प्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद असलेल्यालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं. नोंदणी क्रमांक विचारण्यात कमीपणा नाही. नकाशे काढणारे सगळेच आर्किटेक्ट नसतात. काही सिव्हिल इंजिनिअर असतात, काही ड्राफ्ट्समन असतात आणि त्यांच्यातही चांगलं काम करणारे आहेत. पण कोण कशाची जबाबदारी घेतो ते तुम्हाला कळलं पाहिजे.

पहिल्या भेटीत हे प्रश्न विचारा. सळी आणि कॉलमचं डिझाईन कोण करणार, त्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी तुमच्या फीमध्ये आहे की वेगळी? परवानगीची धावपळ कोण करणार? साईटवर किती वेळा आणि कुठल्या टप्प्यांना येणार? नकाशात किती वेळा बदल करून मिळतील आणि त्यापुढे काय? फी कुठल्या टप्प्याला किती? हे सगळं एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. ओळखीचा माणूस असेल तर हमखास लिहा. ओळखीत लिहायचा संकोच होतो आणि मग वाद झाला की ओळखही जाते.

४. पैशांचं खरं बोला

बजेट सांगितलं की आर्किटेक्ट तेवढा खर्च करवणारच, अशी भीती लोकांना असते. म्हणून मनात चाळीस लाख असताना पंचवीस सांगतात, किंवा काहीच सांगत नाहीत. दोन्हीने नुकसान तुमचंच. बँकेचं कर्ज किती, हातातली रक्कम किती, ऊसबिल कधी येणार, सोनं मोडायची तयारी आहे का, हे मोकळं सांगितलं तर काम टप्प्यांत बसवता येतं. खालचा मजला आता आणि वरचा पाच वर्षांनी, असं आधी ठरलं तर त्याप्रमाणे पाया आणि कॉलम धरता येतात.

सगळ्यात जास्त घोळ चौरस फुटांत होतो. ‘पंधराशे स्क्वेअर फुटाचं घर’ म्हणताना मालकाच्या मनात खोल्यांची आतली जागा असते, आर्किटेक्टच्या कागदावर भिंतींसकट बांधकाम असतं, आणि कॉन्ट्रॅक्टर दर लावताना स्लॅबचं क्षेत्र मोजतो. त्यात छज्जा, जिना, पोर्च आणि वरची पाण्याची टाकी किती धरायची यावरून शेवटच्या बिलाला तोंडं फिरतात. दर ठरवताना मोजणी कशाची, हेही लिहून घ्या. दर नुसत्या मजुरीचा की मटेरियलसह, सेंट्रिंग (स्लॅबखालचे टेकू आणि प्लेटा) त्यात आहे का, खोदाईत खडक लागला तर जादा कसा, कंपाऊंड आणि सेप्टिक टँक कुणाकडे, तेही त्याच कागदावर येऊ द्या.

५. नकाशा कळेपर्यंत सही करू नका

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मालकाचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. समोर सुंदर नकाशा आणि रंगीत थ्रीडी चित्र ठेवलं की माणूस मान डोलावतो. चित्रातली झाडं आणि गाडी बघून घर कळत नाही. ‘मला नकाशातलं कळत नाही, समजावून सांगा’ हे वाक्य निःसंकोच म्हणा. समजावायला वेळ नाही म्हणणारा आर्किटेक्ट बदला.

नकाशात मापं बहुधा मिलिमीटरमध्ये असतात आणि आपला गवंडी फूट, इंच आणि सुतात बोलतो. थोडी मापं लक्षात ठेवा: २३० म्हणजे ९ इंची भिंत, ११५ म्हणजे साडेचार इंची, ९०० म्हणजे जवळपास ३ फूट, ३०५० म्हणजे १० फूट. नुसते ३००० लिहिले असतील तर ती खोली १० फुटांना दोन इंच कमी आहे.

आता एक हिशेब करून बघा. ३० बाय ४० चा प्लॉट आहे आणि उदाहरणादाखल पुढे ५, मागे ३ आणि दोन्ही बाजूंना ३-३ फूट सोडायचे आहेत असं धरा. नियमाप्रमाणे तुमच्या जागेला किती सोडायचे ते आर्किटेक्ट सांगेल. या धरलेल्या मापात बांधायला २४ बाय ३२ उरतं, म्हणजे ७६८ चौरस फूट. बाहेरच्या दोन ९ इंची भिंती वजा केल्या की आत रुंदी साडेबावीस फूट. मध्ये साडेचार इंची भिंत घालून दोन खोल्या शेजारी घेतल्या तर प्रत्येकी ११ फूट मिळतात. तीन घेतल्या तर सव्वासात फुटांच्या होतात, त्यात पलंग टाकला की चालायला जागा राहत नाही. शेजारच्या ४० बाय ६० च्या घरासारखा हॉल इथे का बसत नाही, हे असं मोजलं की दोन मिनिटांत पटतं आणि आर्किटेक्टवर रागही येत नाही.

मापांचा अंदाज येण्यासाठी आत्ताच्या घरातली खोली टेपने मोजा. पलंग, तिजोरी, आईचं जुनं शिसवी कपाट, देव्हारा, सगळं मोजा आणि ती मापं आर्किटेक्टला द्या. नकाशातलं माप सहसा विटेपासून विटेपर्यंत असतं. आतून दोन्ही बाजूंना प्लॅस्टर चढलं की खोली साधारण इंचभर कमी होते, आणि नेमकं त्या मापाचं कपाट असेल तर तेवढ्यासाठी अडतं.

त्यानंतर जागेवर फक्कीने खोल्या आखून घ्या. ज्या दिवशी आखणी होईल त्या दिवशी घरातले सगळे जा. दारातून आत या, स्वयंपाकघरात उभे राहा, न्हाणीपर्यंत चाला, पलंगाच्या जागी चादर अंथरा. आजीला तिच्या खोलीतून रात्री संडासापर्यंत किती पावलं चालावं लागतं ते तिलाच चालून बघू दे. फक्कीची रेघ पायाने पुसता येते. बदल करायचा असेल तर तो आज करा, उद्या जेसीबी येणार आहे.

हेही नकाशावर बोट ठेवून विचारा: दार कुठल्या बाजूला उघडतं आणि उघडल्यावर काय दिसतं? पश्चिमेचा पाऊस कुठल्या खिडकीवर येतो आणि तिथे छज्जा किती बाहेर आहे? कपडे पावसाळ्यात कुठे वाळणार? गॅस सिलिंडर कुठे? मोटारीचं बटण कुठे? स्वयंपाकाच्या कट्ट्याची उंची मालकिणीच्या उंचीला धरून आहे की नेहमीची? पुढेमागे स्लॅबवर पत्र्याची शेड घालणार असाल, आणि आपल्याकडच्या पावसात बरेच जण घालतातच, तर आत्ता सांगा. तिच्या खांबांची सोय स्लॅबसोबतच झाली तर नंतर बोल्टसाठी स्लॅब भोसकावा लागत नाही.

६. साईटवर निरोप कुणाकडून कुणाकडे

आपल्या साईट्सवर एका वेळी तीन-चार भाषा चालतात. मालक मराठी, सेंट्रिंगवाला कन्नड, फरशीवाला हिंदी, आणि ड्रॉइंगवरची अक्षरं इंग्रजी. त्यात मालक संध्याकाळी एकटा साईटवर जातो आणि मेस्त्रीला तोंडी काहीतरी सांगतो. दुसऱ्या दिवशी आर्किटेक्ट विचारतो, तेव्हा मेस्त्री म्हणतो, “मालक सांगितलेत, म्हणून मी खिडकी सरकवलो की, सर.” मालकाने सांगितलं होतं की खिडकी जरा मोठी करता येईल का ते सरांना विचार.

म्हणून नियम सोपा ठेवा. मालकाने आर्किटेक्टला सांगायचं आणि आर्किटेक्टने मेस्त्रीला. अगदी निकड असेल तर मेस्त्रीसमोरच आर्किटेक्टला फोन लावा. कॉलम, बीम आणि सळीबद्दल तर मेस्त्रीला परस्पर एक शब्दही सांगू नका आणि त्याने परस्पर केलेलं चालवून घेऊ नका. ‘काही होत नाही हो मालक’ असं कुणी म्हणालं तर ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून आणायला सांगा.

साईटवर एक जाड वही ठेवा. तारीख, कोण आलं, काय ठरलं आणि सही. व्हॉट्सॲप ग्रुप उपयोगी आहे, पण तिथे ठरलेलं शंभर ‘गुड मॉर्निंग’खाली गाडलं जातं. ग्रुपवर फोटो टाका आणि निर्णय वहीत लिहा. वही मराठीत असली तरी चालेल. मापं आकड्यांत आणि छोट्या आकृतीसह लिहिली की कन्नड मेस्त्रीलाही कळतात.

मापं लिहिताना ती कुठून धरायची तेही लिहा. मी हे वारंवार सांगतो, कारण यात फसणारी घरं खूप बघितली आहेत. दाराची उंची ७ फूट ठरली. मेस्त्रीने कच्च्या जमिनीपासून ७ फूट मोजून लिंटेल (दारावरची काँक्रीटची आडवी पट्टी) टाकली. पुढे मसाला आणि फरशी मिळून ३ इंच चढले आणि दार ६ फूट ९ इंचांचं झालं. तयार चौकट बसेना, म्हणून चौकट कापली. यात कुणीच खोटं बोललं नाही, मापही चुकलं नाही. ‘तयार फरशीपासून’ हे दोन शब्द तेवढे राहिले. तयार फरशीपासून ठरलेल्या उंचीवर प्रत्येक कोपऱ्यात रंगाने एक पातळीची खूण करून घ्या आणि खिडकी, दार, कट्टा, बटणं, सगळी मापं त्या खुणेपासून सांगा.

स्लॅबच्या आदल्या दिवशी आर्किटेक्ट, इंजिनिअर, मेस्त्री, इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि तुम्ही असे सगळे एकत्र उभे राहा. पंख्याचे हूक, दिव्यांचे पाईप, संडासाचा खाली घेतलेला स्लॅब, पाणी उतरायचे पाईप, सगळं बोट लावून मोजा आणि फोटो काढा. काँक्रीट ओतल्यावर यातलं काहीच हलत नाही.

स्लॅबनंतर पाणी कोण मारणार, हे त्याच बैठकीत ठरवा. मालकाला वाटतं कॉन्ट्रॅक्टर मारतोय, कॉन्ट्रॅक्टरला वाटतं मालकाचं घर जवळ आहे, आणि मार्चच्या उन्हात स्लॅब वाळत पडतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, आणि मिश्र सिमेंट असेल किंवा हवा कोरडी-उष्ण असेल तर किमान १० दिवस ओलं ठेवावं लागतं. माणसाचं नाव आणि वेळा वहीत लिहा. टेकू कधी काढायचे ती तारीखही इंजिनिअरकडून तिथेच लिहून घ्या. प्लेटा भाड्याच्या असतात, त्यामुळे त्या लवकर काढायची घाई सेंट्रिंगवाल्याला असते.

७. मन बदललं तर

बदलतंच, त्यात गैर काही नाही. फक्त बदल सांगताना तीन गोष्टी विचारा: खर्च किती वाढेल, दिवस किती वाढतील, आणि यामुळे आणखी काय काय बदलेल. उत्तर लेखी आल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. नकाशात खिडकी सरकवायला आर्किटेक्टला थोडा वेळ लागतो. वीट चढल्यावर तेच काम दोन दिवसांची मजुरी खातं, आणि लिंटेल पडल्यावर मालमसाला, मजुरी, मनस्ताप सगळंच. आर्किटेक्टनेही स्वतःहून काही बदललं असेल तर त्याला हेच तिन्ही प्रश्न विचारा. हा नियम दोघांनाही सारखाच आहे.

८. बिनसलं तर

फोनवर भांडू नका आणि नातेवाइकांना मध्ये घालू नका. साईटवर भेटा, वही आणि सही केलेला नकाशा समोर ठेवा. नकाशाप्रमाणे झालेलं आणि न झालेलं एकेक करून बघा. चूक मेस्त्रीची, आर्किटेक्टची की तुमची ते त्यातून दिसतं, आणि दुरुस्तीचा खर्च कुणी सोसायचा ते बोलता येतं. राग आला म्हणून ठरलेल्या टप्प्याचे पैसे अडवू नका. वादातल्या कामापुरती रक्कम बाजूला ठेवा, तसं लिहून कळवा आणि बाकीचे द्या. आर्किटेक्ट मध्येच बदलायचीच वेळ आली, तर जुन्याचा हिशेब पुरता करून सगळी ड्रॉइंग्ज आणि इंजिनिअरचे कागद हातात घ्या, मगच नव्याकडे जा.

९. घर ताब्यात घेताना

वास्तुशांतीच्या गडबडीत हा टप्पा नेहमी राहतो. प्रत्यक्षात जसं बांधलं गेलं तसा अंतिम नकाशा, भिंतीतल्या वायरी आणि नळाच्या पाईपांचा आराखडा, स्लॅबआधीचे फोटो, सळीची ड्रॉइंग्ज, परवानगीचे कागद आणि वॉटरप्रूफिंगवाल्याची लेखी हमी, हे सगळं एका फाईलमध्ये मागून घ्या. पाच वर्षांनी भिंतीत खिळा मारताना किंवा वरचा मजला चढवताना हीच फाईल लागते.

शेवटच्या हप्त्यातली थोडी रक्कम पहिल्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवायची, असं करारातच लिहा. श्रावणात चांगली झड लागली की पश्चिमेची भिंत, गच्चीचे कोपरे, खिडक्यांच्या खालचे उंबरे आणि न्हाणीच्या मागची बाजू हाताने चाचपून बघा. ओल दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करून तारीख टाका, फोटो काढा आणि आर्किटेक्टला घरी बोलवून तीच जागा दाखवा. काय दुरुस्त करायचं ते वहीत शेवटचं लिहून घ्या आणि दुरुस्ती झाल्यावर उरलेले पैसे द्या.